सवलत जिनाला, घसारा शेतकऱ्याला

(इटियाडोह, ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया येथे कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपण बहुतेक सगळी कोरडवाहू माणसे. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडून निघून इथे गाढवी नदीच्या काठी, धानाच्या मुलखात आलो आहोत. इटियाडोहाचे पाणी कालव्यात सोडले की ते उताराने धानाच्या बांधीत जाते. त्याला मोटर लागत नाही. आपल्याकडे विहिरीतले पाणी वर काढायचे तर अश्वशक्ती मोजावी लागते. म्हणून वीज हा विषय धानवाल्यापेक्षा आपल्याला जास्त जवळचा. पण आज मी पंपाच्या विजेवर बोलणार नाही. पंपाच्या विजेवर आपण इतकी वर्षे बोलतो आहोत की तारासुद्धा ऐकून कंटाळल्या असतील. आज बोलायचे आहे ते जिनिंग, राईस मिल, गोदाम, दुकान यांच्या विजेवर. ही मंडळी वीज वाचवणारी यंत्रे बसवतात तेव्हा आयकराचा कायदा त्यांना एक वजावट देतो. तिचा हिशेब आज समजावून घ्यायचा आहे.

कोणी म्हणेल, आम्ही आयकर भरतच नाही, आम्हाला त्या वजावटीशी काय करायचे? आपण भरत नाही म्हणूनच हा विषय आपल्याला समजला पाहिजे. ज्याला कर लागतो त्यालाच वजावट मिळते. ज्याला कर लागत नाही त्याच्या हातावर कोणी काही ठेवत नाही. आणि जो कर भरतो तो आपल्याच कापसाचा पहिला गिऱ्हाईक आहे.

आधी घसारा म्हणजे काय ते पाहू. शब्द आपल्याला नवा नाही. कृषी मूल्य आयोग कापसाचा उत्पादन खर्च काढतो त्यात अवजारांचा आणि शेतातल्या इमारतींचा घसारा धरलेला असतो. किती धरतात, कसा धरतात, यावर आपले भांडण जुने आहे, ते आज बाजूला ठेवू. वखर झिजतो, गाडीची धाव झिजते, त्या झिजेची किंमत म्हणजे घसारा. कारखानदाराचे यंत्रही झिजते. म्हणून आयकराचा कायदा त्याला सांगतो, यंत्राच्या किमतीचा काही हिस्सा दर वर्षी नफ्यातून वजा कर आणि उरलेल्या नफ्यावर कर भर. साध्या यंत्राला हा दर वर्षाला १५ टक्के. दुकान, ऑफिस, कारखान्याच्या इमारतीला १० टक्के. आणि ऊर्जा वाचवणारी यंत्रे, सौर यंत्रे यांचा दर वेगळा. २००२-०३ पासून तो ८० टक्के होता. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आणला गेला.

४० टक्के आणि १५ टक्के यात फरक किती पडतो? समजा एका जिनवाल्याने २० लाखांचा सौर प्रकल्प टिनावर बसवला. ४० टक्क्यांनी पहिल्या वर्षी ८ लाख वजा. उरले १२ लाख, त्याचे ४० टक्के म्हणजे दुसऱ्या वर्षी ४ लाख ८० हजार. तिसऱ्या वर्षी २ लाख ८८ हजार. तीन वर्षांत १५ लाख ६८ हजार नफ्यातून बाहेर. त्याच २० लाखांचे साधे यंत्र असते तर १५ टक्क्यांनी तीन वर्षांत ७ लाख ७१ हजार ७५० रुपये वजा झाले असते. भागीदारी पेढीला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के धरा. पहिल्या हिशेबात तीन वर्षांत ४ लाख ८९ हजार कर वाचला, दुसऱ्यात २ लाख ४० हजार. फरक अडीच लाखांच्या आसपास.

इथे एक बारीक गोष्ट आहे. हा अडीच लाखांचा कर माफ झालेला नाही, पुढे ढकलला गेला आहे. यंत्राची किंमत २० लाखच. ती लवकर वजा झाली तर पुढच्या वर्षांत वजा करायला काही उरत नाही, आणि मग कर भरावा लागतो. सरकारने जिनवाल्याला काही वर्षांसाठी बिनव्याजी पैसा वापरायला दिला, एवढाच त्याचा अर्थ. 'एवढाच' हा शब्द मी जपून वापरतो. जूनच्या पेरणीला ज्याने सावकाराकडून पैसा उचलला आहे, त्याला बिनव्याजी पैशाची किंमत मी काय सांगावी?

आता यादीत काय काय आहे ते ऐका. आयकर नियमांच्या परिशिष्टात ती छापलेली होती. मोटरला लावायचा कपॅसिटर, प्रत्येक मोटरवरचा आपोआप वीज तोडणारा रिले, मोटरचा वेग कमीजास्त करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, वाया जाणारी उष्णता परत वापरणारी यंत्रणा. हे झाले कारखान्याचे. पुढे अपारंपरिक ऊर्जेच्या भागात आणखी नावे आहेत: सौर वीज प्रकल्प, सौर पंप, पीक वाळवण्याचे सौर वाळवणयंत्र, गोबर गॅस, आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून ऊर्जा तयार करणारी यंत्रे.

पाहा, नावे कोणाची आहेत! पंप आपला, पीक आपले, शेण आपल्या गोठ्यातले, पराटी आपल्या शेतातली. खरिपाची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडली की काळी पडते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. वाळवणयंत्राची गरज आपल्याला. पण तेच यंत्र ज्वारीच्या व्यापाऱ्याने घेतले तर त्याला ४० टक्के घसारा, आपण घेतले तर शून्य. पंपाला कपॅसिटर लावा, कपॅसिटर लावा म्हणून वीज मंडळाने आपल्याला वर्षानुवर्षे उपदेश केला. तोच कपॅसिटर कारखानदाराने लावला तर त्याचा उपदेशावर भागत नाही, त्याला वजावट मिळते.

यात कोणी कट केला असे मी म्हणत नाही. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून वगळलेले आहे. ते वगळलेले असणे बरोबरच आहे, कारण बहुतेक वर्षी कर लावण्याजोगे त्यात काही उरत नाही. पण शहरातला माणूस जेव्हा म्हणतो की शेतकऱ्याला कर नाही, त्याची चैन आहे, तेव्हा त्याला हेही सांगा की शेतकऱ्याला घसाराही नाही, तोट्याची पुढच्या वर्षीची वजावटही नाही, आणि अवजारे, औषधे यांवर भरलेल्या जीएसटीचा परतावाही नाही. डिझेलवरचा कर तर तो ओततानाच भरतो.

आता जरा अमेरिकेकडे वळू. आपल्याकडच्या वजावटीत यंत्राला मान आहे, भिंतीला नाही. जिनाच्या टिनाखाली उष्णता अडवणारा थर बसवला तर तो इमारतीचा भाग, दर १० टक्के. दिवे बदलून एलईडीची नवी जोडणी केली तर ती विजेची फिटिंग, तिलाही १० टक्के. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने व्यापारी इमारतींसाठी वेगळे कलम आणले, १७९-डी. त्यात दिवे, थंडगरम हवेची यंत्रणा आणि इमारतीची कवचासारखी बाहेरची बाजू, म्हणजे छत, भिंती, खिडक्या, हे तिन्ही धरले. ठरावीक मानकापेक्षा ऊर्जेचा खर्च निम्म्याने कमी होत असेल तर दर चौरस फुटाला १ डॉलर ८० सेंटपर्यंत वजावट. २०२२ च्या कायद्याने ती, मजुरीच्या काही अटी पाळल्या तर, ५ डॉलरपर्यंत नेली. आणि २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने सांगितले की ३० जून २०२६ नंतर सुरू होणाऱ्या कामांना ती नाही. श्रीमंत देशाची सवलतसुद्धा एका सहीने येते आणि एका सहीने जाते.

त्या कलमातली एक तरतूद मात्र आपण डोक्यात ठेवावी. सरकारी शाळा कर भरत नाही. मग शाळेची इमारत वीज वाचवणारी बांधली तर वजावट कोणाला? अमेरिकेच्या कायद्याने सांगितले, शाळेने ती वजावट इमारतीचा आराखडा करणाऱ्याच्या नावे लिहून द्यावी. २०२२ नंतर करमुक्त धर्मादाय संस्थांनाही ही मुभा मिळाली. म्हणजे ज्याला कर नाही त्याची सवलत वाया जात नाही, ती दुसऱ्याला देता येते आणि देताना भाव कमी करून घेता येतो. आपल्याकडे अशी सोय नाही. सौर पंप शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहिला की त्याचा घसारा कोणाच्याच वहीत जात नाही.

त्याऐवजी आपल्याला काय मिळते? अनुदान. २०१९ च्या कुसुम योजनेखाली आणि २०२४ मध्ये राज्याने जाहीर केलेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. आकडा कानाला गोड लागतो. पण दोन्ही वाटांतला फरक पाहा. जिनवाला यंत्र स्वतः निवडतो, भाव स्वतः करतो, बसवतो आणि वजावट हक्काने घेतो. आपण अर्ज करतो, यादीतली कंपनी निवडतो आणि वाट पाहत बसतो. त्याचा हक्क आहे, आपला अर्ज आहे. आणि पेपरात बातमी येते ती आपल्या अनुदानाची. उद्योगांना करसवलतींतून किती महसूल सोडून दिला जातो याचे विवरण २००६-०७ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत येते. ते वाचतो कोण?

सवलत यंत्र उभे करण्याला द्यायची की प्रत्यक्ष वीज वाचवण्याला, हाही वादाचा मुद्दा आहे, आणि त्याचा धडा महाराष्ट्रातच गिरवला गेला. पवनचक्क्यांना १९९० च्या दशकात पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असे, पुढे ८० टक्के. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांची रांग लागली. विजेशी काडीचा संबंध नसलेल्या धंद्यातल्या पेढ्या पवनचक्कीच्या मालक झाल्या, कारण नफा झाकायला जागा हवी होती. चक्की फिरली काय, न फिरली काय, पहिल्या वर्षीची वजावट पक्की. हे लक्षात आल्यावर २००९ मध्ये सरकारने दुसरी वाट काढली. जो घसारा घेणार नाही त्याला तयार केलेल्या दर युनिटमागे ५० पैसे. एप्रिल २०१२ पासून पवनचक्कीचा वाढीव घसारा काढून टाकला, तशी नवी उभारणी मंदावली, आणि २०१४ मध्ये तो परत दिला. माझ्या मते ५० पैशांची वाट बरी होती. कापसाचे पैसे आपण वजनाने घेतो, झाडे मोजून घेत नाही.

असो. आता आपल्या पोटाशी येणारा प्रश्न. जिनवाल्याने वीज वाचवली, कर वाचवला, तर कापसाच्या भावात आपल्याला काय मिळते?

हिशेब करू. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला ५ क्विंटल कापूस. समजा, नव्या मोटरी आणि कपॅसिटरमुळे एका गाठीमागे १० युनिट वीज वाचली आणि युनिट ९ रुपयांचे आहे. वाचले ९० रुपये. क्विंटलमागे १८ रुपये. गावात एकच जिन असेल तर हे १८ रुपये त्याच्याच खिशात राहतील. पाच कोसांच्या आत चार जिन असतील आणि चौघांना माल हवा असेल तर त्यातले काही आपल्यापर्यंत येतील. सवलत सरकार देते, पण ती झिरपते स्पर्धेतून. हे इटियाडोहाच्या पाण्यासारखे नाही की उतार आहे म्हणून येईलच.

आणि प्रमाण सोडू नका. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने उठवले, म्हणजे नेमके आपले सीतादहीचे, पहिल्या वेचणीचे दिवस. १८ रुपयांच्या हिशेबात गुंतून ११ टक्क्यांवरची नजर हटू देऊ नका. पण म्हणून १८ रुपये सोडायचेही नाहीत. जिनवाला जेव्हा सांगतो की आम्ही आधुनिकीकरणावर एवढा खर्च केला, व्याज चढले, म्हणून भाव कमी, तेव्हा त्याला विचारता आले पाहिजे: त्यातला घसारा किती लावला, २००० सालच्या कापूस तंत्रज्ञान मिशनपासून जिनिंग-प्रेसिंगच्या सुधारणेला अनुदान येत राहिले त्यातले किती मिळाले? अनुदान मिळाले असेल तर तेवढी रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवरच घसारा मिळतो, हाही कायदा आहे.

यातून एक दार आपल्यालाही उघडते. कापूस कापूस म्हणूनच विकला तर ते शेतीचे उत्पन्न, कर नाही. पण शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जिन चालवला, रुई आणि सरकी विकली, तर जिनिंगचा नफा हा धंद्याचा नफा, त्याला कर लागतो. कार्यकर्ते इथे घाबरतात. घाबरायचे कारण नाही. ज्या दिवशी कर लागतो त्या दिवशी घसाराही लागतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांना २०१८-१९ ते २०२३-२४ या वर्षांच्या उत्पन्नावर, उलाढाल १०० कोटींच्या आत असेल तर, पूर्ण वजावट होती. ती मुदत संपली. अशा वेळी टिनावरची सौर वीज आणि मोटरींचा घसारा यांचा हिशेब कंपनीने पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा. सहकारी संस्थांना वेगळे कलम आहे, ८०-पी. त्यातली एक ओळ मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. सभासदांच्या शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या संस्थेला त्या उत्पन्नावर पूर्ण वजावट, पण कधी? प्रक्रिया विजेची किंवा इंजिनाची मदत न घेता केली तर! १९६१ च्या कायद्यात असे लिहिले गेले. म्हणजे सहकाराने हाताने सरकी काढावी, तर सरकार प्रसन्न. जो कायदा कारखानदाराला वीज वाचव म्हणून बक्षीस देतो, तोच शेतकऱ्याच्या संस्थेला सांगतो की वीज वापरूच नकोस.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

यंत्र नुसते विकत घेऊन घसारा मिळत नाही, ते वापरात आले पाहिजे. आणि आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर पहिल्या वर्षी निम्माच दर, ४० चे २० टक्के. मार्चअखेरपासून मागे मोजले तर ही तारीख साधारण ३ ऑक्टोबरला येते. आपला जिन सुरू होतो दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे हंगामाला म्हणून बसवलेली मोटर पहिल्या वर्षी निम्म्यावर अडकते. राहिलेले बुडत नाही, पुढे ढकलले जाते. सौर प्रकल्पाला मात्र हंगाम नाही, ऊन बारा महिने आहे. तो उन्हाळ्यातच उभा करून चालू करावा.

छताला चुना मारणे, जळलेली मोटर पुन्हा भरणे, ही चालू दुरुस्ती. तिचा सगळा खर्च त्याच वर्षी वजा होतो, घसाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. विदर्भातल्या उन्हात टिनाला पांढरा चुना मारणे हा सगळ्यात स्वस्त ऊर्जाबचतीचा उपाय आहे आणि त्याला कोणाचा एजंट लागत नाही.

एजंटांबद्दल सावध राहा. सौर पॅनेल विकणारा येईल आणि म्हणेल, कराची सवलत धरली तर निम्म्या किमतीत पडते. त्याला आधी विचारा, कोणाच्या करातली? तुमचे उत्पन्न शेतीचेच असेल तर ती सवलत तुमच्यासाठी शून्य आहे आणि किमतीचा तो सगळा हिशेब खोटा आहे. गावातला कृषी सेवा केंद्रवाला उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के, असा ठोक नफा दाखवून कर भरत असेल, तर त्यालाही वेगळा घसारा मिळत नाही. तो त्या ठोक आकड्यातच आला असे कायदा धरतो. कर्ज काढून पॅनेल घेतल्यावर हे कळून उपयोग नाही.

आणि शेवटचे, १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ साली संसदेने केलेला नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. मी सांगितलेले कलमांचे आकडे जुन्या कायद्यातले आहेत. दर आणि यादी ज्या वर्षी यंत्र घ्याल त्या वर्षीच्या नियमांतून लेखापालाकडून लेखी घ्या, विक्रेत्याच्या तोंडी हिशेबावर सही करू नका. जिल्ह्याजिल्ह्यात ज्या गटांचा जिन चालवण्याचा विचार आहे, त्यांनी आपापल्या भागातल्या जिनांचे गेल्या हंगामाचे गाठीमागचे वीज युनिट किती, एवढा एक आकडा पुढच्या बैठकीला आणावा.